एकशे सत्तावीस नंबरचा पंख

कतारला महिनाभर राहून आली म्हटल्यावर आमच्या आळीतल्या बायका पहिल्यांदा माझ्या गळ्याकडे बघतात, मग हाताकडे, आणि मग तोंड पाडून बोलतात, "बरं, हवा कशी होती?" सोनं आणलं नाय ना मी. हवा तापल्या तव्यासारखी होती. पण मी गेली होती नवऱ्याला भेटायला, दोन वर्षांनी, आणि आली ती देवदूताच्या पंखाचं टोक कमरेला बांधून. मधल्या तीस दिवसांत माझा जीव किती वेळा गेला ते मोजायला आठवी नापास बाईचं गणित पुरणार नाय. ज्यांनी कतार बघितलं नाय त्यांच्यासाठी लिहिते. ज्यांनी बघितलं ते मला खोटं पाडतील, पाडू देत.

बरणी

आधी पंखाचं सांगायला पायजे. आमच्या वसईकडच्या गावात देवळाला, म्हणजे आमच्या चर्चला, जुना लाकडी आल्तार होता, पूजेची वेदी, निळी आणि सोनेरी, वर देवदूत. माझ्या लग्नाच्या आधी लोकांनी ठराव करून तो फोडला आणि संगमरवराचा बसवला. आता तिथे गुडघे टेकले की मोठ्या हॉटेलच्या बाथरूममध्ये आल्यासारखं वाटतं. जुनं लाकूड आळीतल्या घरांना वाटलं. आमच्या वाट्याला एका देवदूताच्या पंखाचं टोक आलं, हाताच्या पंजाएवढं. आमचं घर आळीत पाचवं, म्हणून सासऱ्यांनी मागच्या बाजूला करवतीने पाच खाचा पाडल्या, उगाच कोणाशी भांडण नको. तेव्हापासून आमच्या घरातलं पोर जन्मलं की त्या दिवशी तो पंख त्याच्या उशाला जातो. माझा जोयल त्यावरच झोपला, अडीच वर्षं.

आता धाकटी जाव सिल्विया बाळंत होणार होती, महिनाभरात. तरी सासूबाईंनी, आम्ही त्यांना आय बोलतो, पंख माझ्याकडे दिला. "पोर दर्या ओलांडून चाललंय, घेऊन जा. पण सिल्वियाच्या दिवसाला पंख घरात पायजे. पंख नाय आला तर तू पण येऊ नको."

मी बोलली, "हो आय."

मग घाबरायला सुरुवात केली. कोणी बोललं, तिकडे एअरपोर्टवर क्रूस काढून घेतात. कोणी बोललं, देवदूत चालतो, पंख चालत नाय. हे सांगणाऱ्यांतलं कोणी बोरिवलीच्या पुढे गेलं नव्हतं. तरी मी घाबरली. आमचा मसाला बियरच्या बाटलीत ठासून भरायची पद्धत, ती बाटली तर न्यायचीच नाय असं सगळ्यांनी सांगितलं. म्हणून मसाला काचेच्या बरणीत ओतला आणि पंख त्या मसाल्यात पुरला.

दोह्याच्या एअरपोर्टवर सामान तपासणाऱ्या माणसाने बरणी हातात घेतली. मी तीन वेळा नमो मारियाची प्रार्थना एका श्वासात संपवली. त्याने झाकण उघडलं, वास घेतला, पाच वेळा शिंकला, आणि बोलला, "यल्ला, यल्ला." म्हणजे चल, चल, इतकंच. क्रूस माझ्या गळ्यातच होता, त्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाय.

अल रय्यान

माझे मिस्टर इनास सुतार आहेत. तिकडे सहा जणांच्या खोलीत राहतात, पण एका मित्राची फॅमिली सुट्टीवर गावी गेली होती म्हणून अल रय्यानमध्ये त्यांची एक खोली आम्हाला महिनाभर मिळाली. खोलीला खिडकी होती, पण ती उघडायची नाय, एसी चालू. आमच्याकडे खिडकी बंद केली की शेजारी विचारतात घरात कोण गेलं. कपडे गच्चीत टाकले की दुसरा कपडा पिळेपर्यंत पहिला पापड.

जोयलने बापाला बघितलं आणि बोलला, "अंकल." दोन वर्षांत त्याने फक्त फोन बघितला होता, फोनमधला आवाज पप्पा आणि समोरचा मिशीवाला अंकल. इनास हसले. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला.

फिरायला नेलं त्यांनी. मासळी बाजारात हमूर घेतला, मोठा, तोंड आमच्या पोलीस पाटलासारखं. बोंबील विचारला तर मासेवाला हसला. समुद्रात मातीचे ढिगारेच ढिगारे टाकून एक बेट बनवत होते, त्यावर इमारती आणि बोटी ठेवायच्या जागा होणार, नाव द पर्ल. इनासना त्याचं कौतुक. मी बोलली, आमच्याकडे एकाने खाजणात दोन ट्रक माती टाकली तर अख्खा गाव मोर्चा घेऊन गेला होता. इथे समुद्राला कोणी विचारलंच नाय वाटतं.

मदिनत खलीफा

आता ज्या जागी माझी वाट लागली ती जागा. मदिनत खलीफामध्ये एक बंगला, भिंती उंच, गेटला सोनेरी भाले. आत एक युरोपातले प्रोफेसर काम करायचे आणि इनास त्यांच्यासाठी लाकडी पेट्या आणि ट्रे बनवायचे. मालक कोण ते मी बघितलं नाय. मोठा माणूस, जुन्या वस्तू विकत घेतो, एवढंच कळलं.

वस्तू म्हणजे तुकडे. युरोपात कुठेतरी आठशे वर्षांपूर्वी मोठं कॅथीड्रल होतं, त्याच्या आत एक लहान चॅपल, भिंतीची बोटभर जागासुद्धा न सोडता रंगवलेलं. निळी काच, सोन्याचा वर्ख, लाकडात आणि दगडात कोरलेले संत. पुढे त्यांच्याच माणसांनी धर्मावरून भांडून हातोडे घातले. आमच्याकडे संगमरवरासाठी फोडलं, त्यांच्याकडे देवासाठी, तुकडे सारखेच पडले. ते सगळे कापसावर मांडलेले. एका ट्रेमध्ये नुसती नाकं. एकात बोटं. एकात कोणा संताचा अर्धा कान आणि चिठ्ठीवर इंग्रजीत पानभर माहिती. अख्ख्या माणसाची एवढी काळजी मी कुठे बघितली नाय. इनासच्या खोलीतल्या सहा जणांना मिळून एक पंखा होता, या नाकांना चोवीस तास एसी.

एका सकाळी इनास आम्हाला दाखवायला घेऊन गेले. प्रोफेसर म्हणजे उंच, उन्हाने कोळंबीसारखे लाल, डोळे निळे. जोयलला बघून ते वाकले आणि त्या निळ्या डोळ्यांनी एकटक बघत बोलले, "ब्यूटिफुल! ब्यूटिफुल! एंजल!" तीन वेळा. आणि तिसऱ्या वेळी जोयलला उचकी लागली.

आता कोणतीही आई काय करेल? माझ्या कमरेला पिशवीत पंख होता, बरणीतून काढून न पुसता तसाच बांधलेला. प्रोफेसर फोनवर गेले, इनास पेटी उचलायला गेले, मी पटकन पंख काढला, पोरावरून सात वेळा फिरवला, नमो मारिया बोलली. आमच्या घरची पद्धत अशी की दिष्ट काढली की पंख पालथा ठेवायचा, पाठ फिरवायची, आणि पोराच्या पोटात काहीतरी खारट जाईपर्यंत त्याला बघायचं नाय, हात लावायचा नाय. नायतर दिष्ट परत चिकटते. मी समोरच्या पहिल्या ट्रेमध्ये पंख पालथा ठेवला आणि पाठ फिरवली.

त्या बंगल्यात खारट काहीच नव्हतं! खजूर, केक, गोड ज्यूस, गोड बिस्किटं. मी इनासना बोलली, "अहो, याला वेफर पायजे, आत्ताच्या आत्ता." ते बिचारे आम्हाला घेऊन दुकान शोधत निघाले, पहिलं दुकान नमाजासाठी बंद, दुसऱ्यात गोड. तिसऱ्यात वेफर मिळाले, जोयलने चार खाल्ले, उचकी थांबली. पंख घ्यायला परत आलो तर दुपारची सुट्टी झालेली, गेटला सकाळपर्यंत कुलूप.

"कुठे ठेवलास?" इनासनी विचारलं.

"ट्रेमध्ये."

"कुठल्या ट्रेमध्ये?"

"लाकडाच्या तुकड्यांच्या."

ते फुटपाथवर खाली बसले. भर उन्हात.

दुसऱ्या दिवशी ते कामावरून आले तेव्हा तोंड पांढरं. "नंबर पडला. एकशे सत्तावीस. मागे शाईने लिहिला. फोटो निघाला, मालकाला ईमेल गेला."

"मग खिशात घालून आणा ना. आपलाच आहे."

"आपला होता. आता त्याला नंबर आहे. आता घेतला तर ती चोरी, आणि चोरी केली तर खलास, नोकरी पण आणि व्हिसा पण."

"मग खरं सांगा."

"काय सांगू? माझ्या बायकोने तुमच्या कॅथीड्रलमध्ये दिष्ट टाकली?"

आपलीच वस्तू आपण कशी चोरायची, यावर आम्ही आठ दिवस भांडलो. हळू आवाजात, कारण भिंत प्लायवूडची होती.

शुक्रवारचा रविवार

तेव्हा दोह्यात चर्च उभं राहिलं नव्हतं. एका कंपाउंडात मिस्सा, म्हणजे देवळातली रविवारची प्रार्थना, व्हायची आणि ती शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारची. रविवार शुक्रवारी येतो याची मला चार आठवडे सवय झाली नाय, दर शनिवारी वाटायचं आपण पाप करून सोमवारात पोचलो. नर्सा, ऑफिसवाले, ड्रायव्हर, एवढी माणसं, आणि गाणारे असे की आमच्या संगमरवराला घाम फुटला असता.

तिथे फिलूमावशी भेटली. आमच्याच बाजूची, पन्नाशीची, प्रोफेसरांच्या ऑफिसात टायपिंग करते. मला कोपऱ्यात घेऊन बोलली, "काय गं, एकशे सत्तावीस तुझा का?"

मी रडायलाच लागली. "तुम्हाला कसं कळलं?"

"मी ट्रेचं झाकण उघडलं आणि मला भूक लागली. वीस वर्षं इथे आहे मी, पण तो वास विसरेन होय? मला वाटलं माझ्या आयने हाक मारली."

"मग तुम्ही सांगितलं का नाय?"

"सरांनी मला टाइप करायला ठेवलंय, वास घ्यायला नाय."

आणि मग तिने सांगितलं सरांनी काय काय लिहिलंय. ते ऐकताना माझं रडणं कधी थांबलं मला कळलं नाय. चॅपलचं बाकी सगळं लाकूड ओक, आणि हा एकटा तुकडा साग. इनासना विचारलं असतं तर बघताच बोलले असते की हा साग आपल्याकडचा. पण सर बोलतात, साग म्हणजे आठशे वर्षांपूर्वी त्या कॅथीड्रलचा हिंदुस्थानशी व्यापार होता, आजपर्यंत कोणाला माहीत नव्हतं, मोठा शोध! मागच्या पाच खाचा ही तिकडच्या सुतारांच्या संघाची गुप्त खूण, त्यावर तीन पानं. खाचांत लाल कण आहेत, तो कुठलासा दुर्मिळ रंग.

"बेडगी मिरची," मी बोलली. "आणि थोडी काश्मिरी."

"आणि वास," फिलूमावशी बोलली. "सर रोज सकाळी नाकाशी धरतात आणि डोळे मिटतात. आठशे वर्षांचा धूप, बोलतात. अजून जिवंत."

मिस्सा चालू असताना आम्ही दोघी तोंडात पदर घालून हसलो, देव क्षमा करो. पण घरी आल्यावर आयचा फोन. सिल्वियाला डॉक्टरने सांगितलं, दिवस अलीकडे येतील. "पंख नीट आहे ना गं?"

"आहे आय," मी बोलली. "एसीत आहे."

माझं तिकीट चार दिवसांनी होतं.

मखमल

मालकाचे पाहुणे बघायला येणार म्हणून इनासनी खास पेटी बनवली होती, काच बसवायला ते बंगल्यावर निघाले. मी बोलली, मी येते. ते बोलले, अजिबात नाय. मी जोयलला काखेत मारलं, पिशवीत मसाल्याची बरणी टाकली आणि गाडीत जाऊन बसली. कधी कधी इतकी भीती वाटते ना, की पुढे घाबरायला जागाच उरत नाय.

आत माझा पंख. काळ्या मखमलीवर, एकटा, वरून दिवा. नाकं, बोटं, कान सगळे बाजूला, आणि मधोमध आमच्या आळीतलं पाचवं घर. खरं सांगते, एक क्षण मला अभिमान वाटला.

मग मी प्रोफेसरांसमोर उभी राहिली आणि बोलली, "सर. धिस माय. माय हाऊस." पुढचं इंग्रजी संपलं. बाजूच्या टेबलाशी टाइप करत बसलेल्या फिलूमावशीकडे बघितलं. ती आधी छताकडे बघत होती, मग तिने चष्मा काढला, पुसला, आणि सगळं सांगितलं. दिष्ट, वेफर, आळी, पाच खाचा, सगळं.

प्रोफेसर आधी हसले, लहान पोराला हसतात तसं. बोलले, तिच्या गावात असाच दुसरा असेल, त्याने माझाच मुद्दा पक्का होतो.

मी बरणी काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्या लाल नाकाखाली धरली.

त्यांनी वास घेतला. डोळे मिटले, रोज मिटतात तसेच. आणि मग उघडले. मी आयुष्यात कोणाचं तोंड इतक्या लवकर म्हातारं होताना बघितलं नाय. आठशे वर्षं गेली, आणि राहिला मे महिन्यात कुटलेला मसाला.

इनास भिंतीला टेकले. जोयल बोलला, "अंकल, भूक."

 मला वाटलं आता पोलीस. पण प्रोफेसर खुर्चीत बसले आणि फिलूमावशीशी हळूहळू बोलायला लागले. ती मला सांगत होती. "सर बोलतात, पुस्तक छापायला गेलं. मुखपृष्ठावर हाच आहे. मालक खूश आहेत. आता मागे जाता येत नाय."

"मग माझा पंख?"

"सर बोलतात, याच्या बदल्यात दुसरा कुठलाही घे. आत्ता घे. कोणी मोजणार नाय."

मी ट्रेकडे बघितलं. ते खरे होते ना! खऱ्या कॅथीड्रलचे, आठशे वर्षांचे, ज्यासाठी हा माणूस वाळवंटात येऊन भाजला. एक खोटा वाचवायला त्यातला पायजे तो खरा माझ्या पिशवीत टाकायला तयार! आणि चोर मी ठरणार होती.

मी बोलली, "मावशी, सरांना सांगा, संताचं नाक घेऊन मी काय करू? आय माझं कापेल."

तेव्हा इनास बोलले. या माणसाने दोन वर्षांत त्या बंगल्यात यस सर आणि नो सर याच्यापलीकडे काही बोललं नव्हतं. "सर, गिव्ह मी टू डेज. आय मेक सेम."

प्रोफेसर खिडकीबाहेर बघायला लागले.

फिलूमावशी बोलली, "सर बोलतात त्यांना काही ऐकू आलं नाय." मग प्रोफेसर परत काहीतरी पुटपुटले. "सर बोलतात, लाकूड मात्र जुनं पायजे."

इनासनी बंदरावरून मोडीत काढलेल्या लाकडी लाँचीचा एक तुकडा आणला, जुना साग, आपल्याच किनाऱ्यावरून कधीतरी गेलेला. दोन दिवस ते खोलीतच तासत बसले, जोयल भुशात खेळत होता. निळा रंग दाराचा. सोनेरी रंग गेटच्या भाल्यांना मारतात तो. चहाच्या पाण्यात बुडवला, मेणबत्तीवर धुरवला, करवतीने पाच खाचा पाडल्या. आणि मग मी बसली मांडी घालून आणि खाचांत मसाला चोळला, बोंबलाला चोळतो तसा, अंगठ्याने.

दोन्ही पंख टेबलावर, आकड्याची बाजू खाली करून, ठेवले तेव्हा प्रोफेसर भिंग घेऊन पाच मिनिटं बघत राहिले, आणि मग इनासना विचारलं, यातला तुमचा कुठला? आठशे वर्षांचं ज्ञान असलेला माणूस सुताराला विचारतो! इनासनी बोट दाखवलं. प्रोफेसरांनी स्वतःच्या हाताने नव्या पंखावर एकशे सत्तावीस लिहिलं. जुन्यावरचा आकडा कापसाने पुसायला गेले, तो निघाला नाय. चांगली शाई, फिलूमावशी बोलली, जर्मन.

निघताना त्यांनी जोयलकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मी पोराचं तोंड पदराने झाकलं. 

परत

एअरपोर्टवर इनासनी जोयलला उचललं. तो त्यांच्याकडे बघून बोलला, "पप्पा अंकल, चल." अर्धं तरी जमलं होतं. आम्ही आत गेलो आणि ते काचेच्या पलीकडे राहिले. आम्ही दिसेनासे होईपर्यंत हात वर होता त्यांचा, बोटांना अजून सोनेरी रंग.

सिल्वियाला मुलगी झाली, मी आल्यावर तिसऱ्या दिवशी. आयने पंख हातात घेतला, उलटा केला, खाचा मोजल्या. मग चष्मा लावला.

"हा आकडा कसला गं?"

 आयने थुंकी लावून घासलं, पदराने घासलं, शाई हलली नाय. मग ती स्वतःच बोलली, "व्हिसा असेल. दर्या ओलांडून गेला ना तो." आणि पोरीच्या उशाला ठेवला.

मी हे लिहिते आहे ते प्रोफेसरांना मराठी येत नाय म्हणून, आणि इनासनी ती नोकरी सोडून आता हॉस्पिटलात दारं-खिडक्यांचं काम धरलंय म्हणून. तिकडे तो दुसरा पंख अजून मखमलीवर आहे. फिलूमावशी सुट्टीवर आली की आमच्याकडे येते, आणि गेल्या वर्षी जाताना दारातच घुटमळली.

"सर बोलत होते," ती बोलली, "पाहुणे पेटी उघडून बघतात. धूप थोडा कमी झालाय."

या मे महिन्यात मसाला कुटला तेव्हा मी आधी घरचा बाटल्यांत भरला, मग सिल्वियाचा, मग इनासचा. आणि एक लहान पुडी वेगळी बांधली. आयने विचारलं, ही कोणाची?

मी बोलली, "कॅथीड्रलची."